अठराव्या ओळीतला मुका खांब

जुळारीताई पहिल्यांदा आमच्या बुधवारच्या बैठकीला आल्या, तेव्हा त्यांनी काहीच दाखवलं नाही. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. जुन्या मासिकांचे गठ्ठे, एका पायाने लंगडं लांब टेबल आणि खिडकीशी सहा खुर्च्या. एकाआड एक बुधवारी दुपारी तीन ते पाच ही खोली ग्रंथपालबाई आम्हाला देतात, कारण त्या आमच्यातल्याच. क्रोशाची सुई, लोकर आणि गप्पा, एवढाच कार्यक्रम. पण चहाच्या आधी 'दाखवणं' असतं. गेल्या पंधरा दिवसांत जिने जे विणलं असेल ते तिने टेबलावर मांडायचं आणि बाकीच्यांनी हात लावून, उलटसुलट करून बघायचं. ग्रंथपालबाई चष्म्याची पाकिटं विणतात. शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई कपाखाली ठेवायच्या चकत्या विणतात. त्यांच्या घरी आता कपांपेक्षा चकत्या जास्त आहेत. सगळ्यांत शेवटी मी. शेवटी का, तर "हिच्यानंतर कोण दाखवणार बाई," असं मोठ्या बाई एकदा म्हणाल्या होत्या. ते त्या विसरल्या, मी नाही. अकरा वर्षं मी शेवटचीच होते.

तर ही नवी बाई आली. साठीच्या पुढची, सडपातळ, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. ग्रंथपालबाईंनी ओळख करून दिली. "या छापखान्यात जुळारी होत्या. एकतीस वर्षं." जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारा माणूस. आमचं वाचनालय भरलंय ते अशाच हातांनी, पण तसे हात मी पहिल्यांदाच बघत होते. बोटं लांब, टोकाला किंचित चपटी. त्या दिवसापासून त्या जुळारीताई.

त्यांनी सुई काढली आणि डाव्या हातात धरली.

"अय्या, डावखुऱ्या!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"जन्मापासून," जुळारीताई म्हणाल्या. "शाळेत हात बांधून ठेवायचे. मग मी मानेने नाही म्हणायला शिकले."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझं लक्ष त्यांच्या टाक्यांकडे होतं. दोन तास त्या विणत होत्या आणि एकही टाका दुसऱ्याहून लहान नव्हता, मोठा नव्हता. छापल्यासारखे. माझे टाके चांगले पडतात, पण बोलता बोलता मला हसू आलं की तिथे एक टाका सैल राहतो. माझ्या कुठल्याही शालीवरून मी कधी हसले ते सांगता येईल. या बाई हसत होत्या, बोलत होत्या, बिस्किट खात होत्या आणि टाका आपला सरळ.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कशी झाली बैठक?"

"नवीन एक बाई आल्यात. ठीक विणतात."

"म्हणजे तुझ्यापेक्षा चांगलं," हे म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. पस्तीस वर्षांच्या संसाराचे असेही तोटे असतात.

पुढच्या बैठकीला जुळारीताईंनी दाखवलं. भाचीच्या बाळासाठी विणलेली दुलई, फिकट राखाडी, आणि तिच्या मधोमध उठावाची अक्षरं: 'आपलं'. त्या बोंडाच्या टाक्याने काढली होती. आधीच्या टाक्याच्या एकाच घरात पाच खांब, म्हणजे उंच टाके, घालून ते एकत्र आवळले की पुढच्या बाजूला कापसाच्या बोंडासारखा फुगीर दाणा येतो, त्याला आम्ही बोंड म्हणतो. एकेक बोंड म्हणजे एकेक ठिपका, आणि सगळे ठिपके मिळून शिरोरेषेसकट अक्षर.

"बाळाचं नाव अजून ठरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जे काय असेल ते आपलं."

मोठ्या बाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अकरा वर्षांच्या शालींवर या बाई कधी रडल्या नव्हत्या. त्यानंतर मी माझी खांद्यावरची जाळीदार शाल दाखवली. "छान," सगळ्या म्हणाल्या, आणि चहा आला.

चहा पिता पिता जुळारीताईंची गोष्ट निघाली. एकोणिसाव्या वर्षी त्या छापखान्यात लागल्या. पहिल्याच दिवशी मालकाने सांगितलं की जुळवायची पट्टी डाव्या हातात धरायची आणि खिळे उजव्याने उचलायचे. यांनी बरोबर उलट केलं. मालक मागे येऊन उभा राहिला. "ओळ सरळ आली ना?" त्याने विचारलं. आली होती. "मग पायाने जुळव, माझं काही म्हणणं नाही." त्या वाक्यावर आपण एकतीस वर्षं काढली, असं त्या सांगत होत्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, छापलं की सुलटं होतं; त्यामुळे उलटं वाचायला त्यांना वेळ लागत नाही. बहीण लवकर गेली, तिची मुलगी यांनीच वाढवली. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. "लोकांच्या लग्नपत्रिका एवढ्या जुळवल्या की हौस फिटली," त्या म्हणाल्या. मग संगणक आले, छापखाना बंद झाला, खिळे वजनावर गेले. मालकाने विचारलं, तुला काय हवं? यांनी आपला चिमटा मागून घेतला. चुकलेला खिळा उपसायचा तो बारीक पोलादी चिमटा. आता त्या त्याने लोकरीची टोकं आत ओढतात.

"क्रोशे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"पुस्तकं बांधणाऱ्या मावशी होत्या तिथे. त्या उजव्या, मी डावी. शेजारी बसून काही जमेना. मग त्या म्हणाल्या, समोर बस, आरशात बघतेस असं समज."

हे सगळं ऐकताना मला ही बाई आवडत होती. त्याचाच मला जास्त राग येत होता.

खरा घाव पुढच्या रविवारी बसला. माझी मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि तेव्हा तिला सहावा महिना होता. जेवताना ती फोन बघत होती. आमच्या बैठकीच्या ग्रुपवर फोटो येतात ते मी तिला पाठवते, म्हणजे माझे पाठवते. या वेळी चुकून सगळे गेले होते.

"आई, हे कोणी केलंय? 'आपलं' लिहिलेलं?"

"येतात एक बाई."

"कसलं गोड आहे गं! बाळासाठी यांच्याकडून असंच करून घेऊया? विचार ना त्यांना."

माझ्या कपाटात फिकट पिवळ्या लोकरीचे सहा गुंडे होते. मुलीने बातमी दिली त्याच दिवशी आणलेले. कोणती वीण घालायची ते ठरवण्यात चार महिने गेले होते, कारण पहिल्या नातवंडाची पहिली दुलई म्हणजे मला काहीतरी असं हवं होतं की... की मोठ्या बाई रडतील, आणखी काय.

"विचारते," मी म्हणाले.

नाही विचारलं. चार दिवसांनी फोनवर सांगितलं, "त्यांना वेळ नाही म्हणाल्या. मीच करते."

"तू तर करशीलच गं. मला ती अक्षरंवाली हवी होती."

"अक्षरं मलाही येतात."

येत नव्हती. जाळीची फुलं येतात, पानं येतात, मोर येतो. अक्षराच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. जुळारीताईंना विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण अकरा वर्षं त्या खोलीत इतरजणी मला विचारतात. मी कोणाला विचारत नाही.

पुढच्या बैठकीनंतर सगळ्या जिन्यावरून खाली उतरल्या आणि मी छत्री विसरले म्हणून परत वर गेले. खुर्चीवर जुळारीताईंची वही. छापखान्यातल्या उरलेल्या कागदाची, लांबट, दोऱ्याने शिवलेली. सांभाळून ठेवावी म्हणून मी ती पिशवीत टाकली. आपण स्वतःशी कसं बोलतो बघा. सांभाळून.

वहीत एकही चित्र नव्हतं. नुसत्या ओळी, सुवाच्य अक्षरात. 'ओळ ६: १४ मुके, १ बोंड, ३ मुके, १ बोंड...' मुका खांब म्हणजे सगळ्यांत बुटका, साधा टाका. पुढे येत नाही, आवाज करत नाही, म्हणून मुका. त्याची सपाट जमीन आणि तिच्यावर बोंडांची अक्षरं. पहिल्या ओळीपासून शिरोरेषेपर्यंत मी सगळं उतरवून घेतलं. पंधरा दिवसांनी बैठकीला मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि वही मासिकांच्या गठ्ठ्यात सरकवली. जुळारीताई आल्या, "माझी वही कुठे दिसली का हो?" म्हणाल्या. सगळ्या शोधायला लागल्या. सापडली कोणाला? मला. त्यांनी माझे दोनदा आभार मानले. मी "अहो त्यात काय" असंही म्हणाले.

मग सहा आठवडे पिवळी दुलई. बोंडाची ओळ विणताना कामाची मागची बाजू आपल्याकडे असते आणि बोंड पलीकडे फुगतं. त्यामुळे मला दिसायचे ते आत गेलेले खळगे. पण त्या खळग्यांतून हळूहळू 'आपलं' उमटत होतं, अगदी सुलटं, वाचता येईल असं. ते बघून मी निर्धास्त. पुढची बाजू मांडीवर आली की वाटाणे सांडल्यासारखी दिसायची. जवळून ती तशीच दिसते, लांबून बघायची असते. अठराव्या ओळीच्या शेवटी मला एक घर कमी पडलं. चार वेळा मोजलं. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटच्या घरात दोन मुके खांब कोंबून मोकळी झाले. आज विचार केला की नवल वाटतं. त्या बाईवर एवढी जळत होते, तरी स्वतःच्या मोजण्यापेक्षा तिच्या वहीवर माझा विश्वास जास्त होता.

"अगं, विणतेस की भोसकतेस?" हे एकदा म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा."

दुलई झाली. धुऊन, नेहमीसारखी पालथी ताणून, घडी घालून ठेवली. मुलीला म्हटलं, इथे नको, बैठकीत सगळ्यांसमोर उघडू. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आठवा महिना, जिना चढून धापा टाकत आली. मोठ्या बाईंनी तिला पंख्याखाली बसवलं. जुळारीताईंनी आपल्या खुर्चीवरची उशी काढून तिच्या पाठीशी दिली. हेसुद्धा मला सुचायला हवं होतं.

सगळ्यांत शेवटी मी उठले. दुलईची दोन टोकं धरून ती पडद्यासारखी समोर पसरली. माझ्या बाजूने खळग्यांत स्वच्छ दिसत होतं: 'आपलं'. मी वाट बघत राहिले.

ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"सुंदर आहे हो," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पण ही लिपी कुठली?"

"नक्षी असेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आई," मुलगी म्हणाली, "काय लिहिलंयस?"

तेवढ्यात जुळारीताईंचा आवाज आला. जराही न अडखळता, पाटी वाचावी तसा. "आपलं."

मी दुलई फिरवली आणि पुढची बाजू लांबून पहिल्यांदा बघितली. अनुस्वारासकट सगळं उलटं. आरशातलं. जुळारीताई डाव्या हाताने विणतात, डावीकडून उजवीकडे जातात. त्यांची वही डाव्या हाताची होती. मी तीच ओळ उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे घातली. खोलीत हे कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि त्यातल्या दुसरीने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला बरं वाचता आलं!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"एकतीस वर्षं हेच वाचलं की."

मुलगी बिचारी मला सावरायला गेली. "काकू, तुम्हाला वेळ नव्हता ना, म्हणून आईने स्वतःच बसून केलं हो सगळं."

आता संपलं, मला वाटलं. दुलईची टोकं अजून माझ्या हातांत होती आणि ती खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. जुळारीताईंनी चिमटा उचलला, बाहेर आलेलं एक पिवळं टोक आत ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वेळ कसा असणार? मध्ये पंधरा दिवस वहीच सापडत नव्हती माझी."

बाकीच्यांना ते साधं वाक्य वाटलं. मला ते जिथे लागायचं तिथे लागलं. मग त्यांनी दुलई माझ्या हातून घेतली, बोंडांची बाजू वर ठेवून मुलीच्या पोटावर पसरली आणि म्हणाल्या, "उलटं कुठे आहे? बाळ आतल्या बाजूला असणार. त्याला सुलटंच दिसेल. लोकांनी काय ते मान वाकडी करून वाचावं."

मुलगी खळखळून हसली. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या दुलईवर आलं खरं, पण आणलं कोणी? इथेही त्याच.

परतताना बसमध्ये मुलीने दुलई मांडीवर घेतली होती.

"आई, तू त्यांना विचारलंच नव्हतंस ना?"

"नाही."

"का?"

खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बघितलं. "तू त्यांची मागितलीस म्हणून."

"अगं, मी अक्षरं मागितली होती. दुलई तुझीच हवी होती. ती काय मागायची असते?" मग ती म्हणाली, "उद्या जा आणि खरं काय ते सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी गेले. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात पायपुसणं, तेही विणलेलं. आत टेबलावर वही उघडी. मी उतरवून घेतलेले कागद पुढे ठेवले.

"वही मी नेली होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "काल अठरावी ओळ बघितली ना. वहीत तिथे एक मुका खांब जास्त लिहिलाय. विणताना मी दुरुस्त केला, वहीत करायचा राहिला. तुमच्या 'ल'चा पाय तिथेच मुरडलाय." आणि हसल्या. "चूकसुद्धा जशीच्या तशी छापलीत तुम्ही. असा जुळारी मिळायला नशीब लागतं."

"मुलीला मी खोटं सांगितलं. तुम्हाला विचारलंच नव्हतं. आता विचारते. तिच्यासाठी एक कराल का? ती मी उसवून टाकते."

"उसवायची नाही. ते पहिलं प्रूफ आहे, प्रूफ कोणी फाडत नाही." त्यांनी माझे कागद गोळा करून मला परत दिले. "आणि मी नाही करणार. आजी तुम्ही आहात. मी शिकवते, करा तुम्ही. सुई आणलीत?"

सुई माझ्या पिशवीत असतेच. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"तिथे नाही," त्या म्हणाल्या. "समोर बसा."

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा कोणाच्या तरी समोर बसले. त्यांची सुई डावीकडे, माझी उजवीकडे. त्यांनी दोरा घेतला की मी घ्यायचा, त्यांनी आवळला की मी आवळायचा. त्यांची बोंडं एकसारखी येत होती आणि माझ्या पोटात अजूनही दुखत होतं, त्यात खोटं कशाला सांगू. दहा झाल्यावर त्यांनी माझा तुकडा हातात घेतला, चिमट्याने एकेक बोंड हलवून बघितलं.

"तुमचं बोंड घट्ट बसतं," त्या म्हणाल्या. "माझं धुतल्यावर ढिलं पडतं. हे मला नाही जमत."

मी दोऱ्यावरून मान वर केली. "काय म्हणालात?"

"ऐकलंत की."

"पंखा चालू आहे, नीट ऐकू नाही आलं."

जुळारीताईंनी पंख्याकडे बघितलं. तो बंद होता. मग त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, शब्द सुटे सुटे करून म्हणाल्या.